अशिव, इच्छास्वातंत्र्य व शत्रुप्रेम (ख्रिस्ती विचार)

जगात दुःख व दुष्टता का आहे, मानवाची इच्छा कितपत स्वतंत्र आहे आणि आपले अनिष्ट करणाऱ्याशी कसे वागावे, ह्या तीन प्रश्नांना ख्रिस्ती धर्मविचाराने दिलेली परस्परसंबद्ध उत्तरे. तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत पहिले दोन प्रश्न एकत्र आणि तिसरा नीतिशास्त्राच्या प्रकरणात वेगळा, अशी विभागणी बहुधा आढळते. ख्रिस्ती परंपरेत ती फार काळ टिकत नाही. अशिव हे स्वतंत्र द्रव्य नसून स्वतंत्र इच्छेचे वळण चुकल्याने ते उद्भवते, असे एकदा मानले, की दुष्कृत्य करणारा मनुष्य स्वरूपतः दुष्ट ठरत नाही; त्याची दुष्टता त्याच्यापासून वेगळी करता येते. शत्रूवर प्रेम करण्याची आज्ञा ह्याच भेदावर उभी आहे. तो भेद मान्य नसेल, तर ती आज्ञा एक तर अशक्य किंवा अन्यायाला पाठीशी घालणारी वाटेल, आणि तसा आक्षेप पुष्कळांनी घेतलाही आहे.

‘अशिव’ ही संज्ञा येथे व्यापक अर्थाने घेतली आहे. हिंसा, असत्य, पिळवणूक इ. मानवी कृतींतून निर्माण होणारे ते नैतिक अशिव आणि भूकंप, रोग, दुष्काळ इ. रूपांनी येणारे ते नैसर्गिक अशिव होय.

अशिवाचे स्वरूप : बायबलमधील उत्पत्ती ह्या पहिल्या ग्रंथानुसार ईश्वराने निर्मिलेली सृष्टी चांगली होती, आदाम व हव्वा ह्यांनी आज्ञाभंग केला आणि त्यातून श्रम, वेदना व मृत्यू मानवाच्या वाट्याला आले. ह्या कथेत मोहात पाडणारा सर्पही ईश्वरनिर्मितच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ईश्वराला तुल्यबळ असा अशिवाचा दुसरा स्वामी यहुदी व ख्रिस्ती परंपरेने मानलेला नाही. सैतान हाही पुढील विचारात आपल्या इच्छेने भ्रष्ट झालेला देवदूतच ठरला. जुन्या करारातील ईयोबाचा ग्रंथ मात्र ह्या सरळ मांडणीला छेद देतो. ईयोब निर्दोष असूनही त्याची संपत्ती, संतती व आरोग्य नष्ट होते. ‘तू पाप केले असशील’ असा तर्क लढविणाऱ्या मित्रांना ग्रंथाच्या शेवटी ईश्वरच दोष देतो. दुःखितास पाहून त्याचे पाप शोधू लागणे हीच येथे चूक ठरली आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांधाचा प्रसंग ह्याच स्वरूपाचा आहे. हा अंध जन्मला तो स्वतःच्या पापाने की आईबापांच्या, असे शिष्य विचारतात आणि येशू दोन्ही पर्याय नाकारतो. कर्मसिद्धांताशी परिचित असलेल्या मराठी वाचकाचे लक्ष ह्या प्रसंगाकडे आवर्जून जाते.

ह्या कल्पनांना तात्त्विक रूप दिले ते संत ऑगस्टीन (३५४–४३०) ह्याने. ख्रिस्ती होण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे तो मानी पंथाचा अनुयायी होता. प्रकाश व अंधार ही दोन अनादी तत्त्वे परस्परांशी झगडत आहेत आणि माणसातील पाप हे अंधाराचे कार्य आहे, असे तो पंथ सांगे. ह्या मताची सोय अशी, की पाप करणारा ‘मी’ नसतोच. ही सोयच पुढे ऑगस्टीनला अप्रामाणिक वाटू लागली. त्याने असे प्रतिपादन केले, की अशिवाला स्वतःचे अस्तित्व नाही; अंधत्व म्हणजे जसा दृष्टीचा अभाव, तसा अशिव हा शिवाचा अभाव किंवा ऱ्हास होय. कापडाला पडलेले भोक दिसते, त्याने अंगाला थंडीही वाजते. पण कापडावाचून नुसते भोक कोठे असू शकत नाही. दुष्ट मनुष्याच्या ठायीही आधी ‘कापड’ आहे, म्हणजे ईश्वराने निर्माण केलेला, चांगला असा मनुष्य आहे. आपल्या आत्मचरित्रात त्याने पोरवयात सोबत्यांबरोबर केलेल्या नासपतींच्या चोरीचे विश्लेषण पानेच्या पाने केले आहे. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती, ती पुढे डुकरांपुढे टाकली गेली. मग चोरी का केली? केवळ निषिद्ध म्हणून, असे त्याचे उत्तर आहे. एवढ्या क्षुल्लक अपराधाचा एवढा ऊहापोह काही वाचकांना अतिरेकी वाटतो. पण इच्छा विनाकारण वाकते, हे मोठ्या गुन्ह्यापेक्षा अशा लहान गुन्ह्यातच स्पष्ट दिसते.

मराठीत हा विषय प्रथम विस्ताराने आला तो फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) ह्याच्या ओवीबद्ध क्रिस्तपुराणात. १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापल्या गेलेल्या ह्या सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या भागात सृष्टीची उत्पत्ती व आदिमानवाचे पतन हे विषय आले आहेत. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे देव-दानवांच्या संघर्षाची चौकट तयार होती. परंतु सैतान हा देवाचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी आहे, असा समज त्या चौकटीतून होण्याचा धोकाही होता.

इच्छास्वातंत्र्य : ईश्वर सर्वशक्तिमान व सर्वथा चांगला असेल, तर अशिव का, ह्या प्रश्नाला ख्रिस्ती परंपरेचे रूढ उत्तर असे, की ईश्वराला यंत्रे नव्हे, तर प्रेम करू शकणारे जीव हवे होते. सक्तीचे प्रेम हे प्रेमच नव्हे. म्हणून नाकारण्याची मोकळीक देणे भाग होते. तथापि मानवी इच्छा खरोखर किती स्वतंत्र आहे, ह्याविषयी ख्रिस्ती विचारवंतांत कधीही एकवाक्यता नव्हती. मनुष्य स्वतःच्या बळावर सन्मार्गी होऊ शकतो, हे पिलेजिअसचे मत ऑगस्टीनने खोडून काढले. पतनानंतर इच्छा दुबळी झाली असून ईश्वरी कृपेवाचून ती सावरत नाही, असा त्याचा पक्ष होता. अकरा शतकांनंतर इरॅस्मसने १५२४ मध्ये इच्छेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिले आणि मार्टिन ल्यूथरने पुढच्याच वर्षी इच्छा बद्ध असल्याचे सांगणारे त्याहून मोठे उत्तर दिले. कॅल्व्हिनवादी व आर्मिनिअसचे अनुयायी ह्यांच्यातील वाद ह्याच वादाची पुढील शाखा होय. विसाव्या शतकात जे. एल्. मॅकी ह्याने १९५५ मध्ये असा आक्षेप घेतला, की सदैव चांगलेच निवडतील असे स्वतंत्र जीव निर्माण करणे सर्वशक्तिमान ईश्वराला का जमू नये? त्यावर ॲल्व्हिन प्लँटिंगा ह्याने १९७४ मध्ये उत्तर दिले, की जीव स्वतंत्र असतील तर ते काय निवडतील हे एकट्या निर्मात्याच्या हाती राहत नाही. ईश्वर व अशिव ह्यांच्या अस्तित्वात तार्किक विसंगती नाही एवढे प्लँटिंगाने दाखविले, हे आता बहुतेकांना मान्य आहे. मात्र जगात अशिव इतके का, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.

मराठी भाषिकांत ह्या वादाचा सर्वांत लक्षणीय प्रतिनिधी म्हणजे नीळकंठशास्त्री गोऱ्हे (१८२५–९५). काशीत वाढलेल्या ह्या चित्पावन पंडिताने हा वाद दोन्ही बाजूंनी लढविला. कंपनी सरकारचा अधिकारी व संस्कृतज्ञ जॉन म्यूर ह्याने मतपरीक्षा हा संस्कृत ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध करून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला. त्याला उत्तर देणाऱ्यांत सीहोरचे सुबाजी बापू हे एक होते. नीळकंठशास्त्र्यांनी विशीच्या उंबरठ्यावर असताना शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ रचून ह्या वादात भाग घेतला. त्यांचा रोख नेमका ख्रिस्ती मताच्या मर्मावर होता. जीवाला पूर्वजन्म नसेल, तर एक राजवाड्यात जन्मतो व दुसरा आंधळा जन्मतो ह्याला कारण काय? निष्कारण असा भेद करणारा ईश्वर पक्षपाती व निर्दय ठरतो. वैषम्य व नैर्घृण्य हे दोन दोष ईश्वराला लागू नयेत म्हणून वेदान्तसूत्रांनी कर्माचा आधार घेतला आहे. तो आधार सोडलेल्या ख्रिस्ती मताजवळ उत्तर नाही, असे त्यांचे म्हणणे होते. थोड्या काळाच्या पापाला अनंतकाळचा नरक, ही शिक्षाही त्यांना न्यायाला सोडून वाटली.

ह्याच नीळकंठशास्त्र्यांनी १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या गोऱ्हे ह्या नावाने १८६० मध्ये षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ लिहून सहाही दर्शनांची कठोर चिकित्सा केली. कर्माची साखळी अनादी मानली म्हणजे विषमतेचे कारण सापडत नाही, ते मागे मागे ढकलले जाते; शिवाय ज्या कृत्याची आठवण नाही त्याची शिक्षा माणसाला सुधारत नाही, हा ख्रिस्ती पक्षाचा युक्तिवाद मराठी वादग्रंथांतून पुढे वारंवार आला. ह्याउलट, कर्मवादात मनुष्य स्वतःच्या दैवाचा कर्ता असतो आणि इच्छास्वातंत्र्याला अधिक वाव मिळतो, असे हिंदू पक्ष म्हणत असे. त्यात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. तरुण नीळकंठाच्या प्रश्नाला प्रौढ नेहेम्याने पूर्णपणे समाधानकारक उत्तर दिले, असे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्यास वाटण्याचा संभव कमी आहे.

निवडीचे स्वातंत्र्य ही केवळ ग्रंथांतील चर्चा राहिली नाही. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री ह्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हा सुमारे बारा वर्षांचा मुलगाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. एवढ्या लहान वयात धर्मासारख्या विषयात स्वतंत्र निवड करता येते काय, हा प्रश्न त्यामुळे मुंबईच्या चव्हाट्यावर आला. घरी आलेल्या मुलाने मिशनऱ्यांबरोबर अन्नव्यवहार केलेला असल्याने त्याला जातीत परत घ्यावे की नाही, हा दुसरा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी (१८१२–४६) त्याच्या शुद्धीसाठी खटपट केली व सनातन्यांचा रोष पत्करला. मिशनरी, पिता, न्यायाधीश व जात ह्या सर्वांनी आपापल्या परीने निर्णय दिला. मुलाच्या इच्छेला त्यांत कितपत स्थान होते, हे सांगणे अवघड आहे. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या राज्यातील मराठी मुलखात गेले व त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. मराठवाड्यातील अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींत ख्रिस्ती विचार पोहोचविणारे हे एक आरंभीचे केंद्र होय.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) निवडीच्या ह्याच हक्काचा उपयोग चर्चच्या अधिकाराविरुद्धही केला. इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर मठातील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयीच्या शंका त्यांनी निर्भीडपणे मांडल्या. एका पुरोहितवर्गाचे जू उतरवून ठेवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. आपली सद्‌सद्‌विवेकबुद्धी ईश्वराने दिली आहे, ती दुसऱ्याच्या हाती सोपविता येणार नाही, ही त्यांची भूमिका आज्ञाधारकपणाची अपेक्षा करणाऱ्यांना उद्धटपणाची वाटली. इच्छास्वातंत्र्याचा सिद्धांत मान्य असलेल्यांनाही समोरच्या व्यक्तीने, विशेषतः वसाहतीतील स्त्रीने, तो प्रत्यक्ष वापरलेला रुचतोच असे नाही.

शत्रुप्रेम : मत्तय व लूक ह्यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या उपदेशात ही आज्ञा येते. शत्रूवर प्रेम करावे, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करावी असे सांगताना दिलेले कारण व्यावहारिक नाही. त्यामुळे शत्रू वरमेल असे आश्वासन तेथे नाही. ईश्वराचा सूर्य सज्जन-दुर्जनांवर सारखाच उगवतो व पाऊस सारखाच पडतो, म्हणून त्याच्या लेकरांनीही तसे वागावे, एवढेच कारण दिले आहे. येथे प्रेम ह्या अर्थी वापरलेला ग्रीक शब्द ‘अगापे’ हा आहे. आवड, ओढ किंवा मैत्री असा त्याचा अर्थ नसून दुसऱ्याच्या हिताची इच्छा व तदनुसार कृती असा तो आहे. शत्रू आवडलाच पाहिजे असे बंधन नाही. त्याचे हित चिंतावे व करावे, हे मात्र बंधन आहे. भावना आज्ञेने उत्पन्न होत नाही, कृती होऊ शकते. शत्रुप्रेम हा म्हणूनच इच्छेचा, पर्यायाने इच्छास्वातंत्र्याचा विषय ठरतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील गव्हातील तणाचा दृष्टांत शेतकऱ्याला लगेच उमगणारा आहे. पेरलेल्या गव्हात शत्रू रात्री तणाचे बी टाकून जातो. हे तण ओंबी धरेपर्यंत गव्हासारखेच दिसते व त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. चाकर ते उपटू म्हणतात; धनी त्यांना कापणीपर्यंत थांबण्यास सांगतो. वाईट माणसे निवडून नाहीशी करण्याचा अधिकार माणसाकडे नाही, कारण त्याला दोन्हींतील फरक अजून नीट दिसत नाही, असा ह्या दृष्टांताचा रोख आहे. आरंभीच्या चर्चच्या इतिहासात ह्याचे एक ठळक उदाहरण घडले. स्तेफन ह्या पहिल्या हुतात्म्याला दगडमार करून ठार मारले, तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे राखीत उभा असलेला शौल नावाचा तरुण पुढे संत पॉल झाला. त्या दिवशी तण उपटले असते, तर नव्या करारातील पत्रांचा मोठा भाग लिहिला गेला नसता.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेत ह्याला समांतर विचार आढळतो. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, नरसी, औंढा नागनाथ हा परिसर त्या दृष्टीने परिचित आहे. नरसी हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते आणि विसोबा खेचरांकडून त्यांना औंढ्यास गुरूपदेश मिळाला, अशी परंपरा आहे. हे विसोबा प्रारंभी ज्ञानेश्वरादी भावंडांचे कट्टर द्वेष्टे होते. मुक्ताबाईला मांडे भाजण्यासाठी खापर मिळू नये अशी व्यवस्था त्यांनी केली आणि पुढे पश्चात्ताप पावून ते त्यांच्याच चरणी आले, असे संतचरित्रे सांगतात. म्हणजे ज्या गुरुपरंपरेतून नामदेवांची वाणी पंजाबपर्यंत गेली, तिच्यातच एक पूर्वाश्रमीचा शत्रू आहे. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या प्रार्थनेत दुष्टांचा नाश न मागता त्यांच्या वाकडेपणाचा लोप मागितला आहे. यहुदी तालमूदमधील बेरूरिया ह्या विदुषीच्या कथेतही ती आपल्या पतीला पापी नव्हे, तर पाप नाहीसे व्हावे, अशी प्रार्थना करावयास सांगते. हे साम्य उसनवारीचे नसून एकाच अनुभवातून स्वतंत्रपणे आलेले दिसते. भेद आहे तो आधारात. वारकरी संतांच्या दृष्टीने सर्वांभूती एकच देव असल्याने शत्रू हा शेवटी परका नसतोच. ख्रिस्ती दृष्टीने शत्रू खरोखरच दुसरा असतो, त्याचा अपराधही खरा असतो; तरीही ईश्वराने वैरी असलेल्या मानवांसाठी क्रूसावरील मरण पत्करले, म्हणून त्याच्यावर प्रेम करावयाचे.

पंडिता रमाबाईंच्या मनावर सिद्धांतापेक्षा ह्या आज्ञेच्या आचरणाचा परिणाम आधी झाला. लंडनमधील फुलम येथे भगिनींनी चालविलेल्या सुधारगृहात ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना मायेने वागविताना त्यांनी पाहिले. शास्त्रांनी ज्यांना दयेस अपात्र ठरविले होते, त्यांच्याविषयी ही ममता का, असे विचारता त्यांना शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. केडगावच्या मुक्तिसदनात पुढे अशाच स्त्रियांसाठी त्यांनी वेगळी व्यवस्था केली. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनाही १८९३ च्या सुमारास आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेल्या नव्या करारातील डोंगरावरील प्रवचनानेच प्रथम जिंकले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्तांना ते वैऱ्यासारखे झाले. लक्ष्मीबाई चार वर्षांहून अधिक काळ त्यांच्यापासून दूर राहिल्या व १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. स्मृतिचित्रे ह्या आत्मचरित्रात त्यांनी ज्यांनी छळले त्यांच्याविषयीही कडवटपणाचा लवलेश न ठेवता लिहिले आहे. हा शत्रुप्रेमाचा अभ्यास म्हणावा, की मूळचाच विनोदी स्वभाव?

सत्तेच्या कसोटीवर : दुबळ्याने शत्रूला क्षमा करणे आणि शस्त्रधारी सत्तेने क्षमा करणे ह्यांत अंतर आहे. जुलै १५८३ मध्ये गोव्यातील साष्टी भागात कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्काविवा ह्याच्यासह पाच जेझुइट व त्यांचे काही सोबती गावकऱ्यांच्या हातून मारले गेले. आक्काविवा हा अकबराच्या दरबारातून नुकताच परतला होता. त्यापूर्वी पोर्तुगीजांनी ह्या भागातील देवळे पाडली होती व गावकऱ्यांचा क्षोभ त्यामुळे होता. तेव्हा साष्टीत असलेल्या फादर स्टीफन्सने आपल्या भावाला त्याच वर्षी लिहिलेल्या पत्रात ह्या घटनेची हकीकत दिली आहे. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या गावकरांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून घेतले आणि चौकशीवाचून ठार केले. मारल्या गेलेल्या पाच जेझुइटांना रोमने १८९३ मध्ये ‘धन्य’ हे पद दिले. दगा देऊन मारलेल्या गावकरांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे राहण्यास आणखी शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. आपल्यावर कुऱ्हाड चालविणाऱ्यांपुढे हुतात्म्यांनी शस्त्र उचलले नाही, त्यांच्या नावाने सत्तेने मात्र उचलले, हा विरोध ख्रिस्ती इतिहासात नवा नाही. ऑगस्टीनने मर्यादित स्वरूपात युद्धाला मान्यता दिली, तेव्हापासून शत्रुप्रेम ही व्यक्तीची नीती व युद्ध ही राज्याची नीती, अशी सोयीची फाळणी रूढ झाली. मेनोनाइट, क्वेकर इ. पंथांनी ती नाकारली. १५६९ मध्ये हॉलंडमध्ये डर्क विलेम्स हा पुनर्बाप्तिस्मावादी कैदी गोठलेल्या तळ्यावरून पळून जात असता पाठलाग करणारा रक्षक बर्फ फुटून पाण्यात पडला. विलेम्सने मागे फिरून त्याला बाहेर काढले. नंतर तो पकडला गेला व जाळला गेला. त्याला जाळणारेही ख्रिस्तीच होते.

विसाव्या शतकात ह्या आज्ञेला राजकीय कृतीचे रूप आले ते बव्हंशी चर्चच्या बाहेरून. टॉलस्टॉयचे लेखन व डोंगरावरील प्रवचन ह्यांचा महात्मा गांधींवरील प्रभाव सुविदित आहे. गांधींच्या मार्गाने ती आज्ञा मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) ह्यांच्याकडे पुन्हा ख्रिस्ती चर्चमध्ये परतली. शत्रूच्या अन्यायाशी असहकार करावयाचा, परंतु शत्रूला माणूस मानण्याचे सोडावयाचे नाही, ही त्या दोघांचीही भूमिका होती.

आक्षेप : नीत्शेने १८८७ मध्ये असे म्हटले, की दुर्बळांनी आपल्या सूड न घेता येण्याला प्रेम हे नाव दिले आहे. मराठी वाचकाला त्याहून अधिक भिडणारा आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी त्यांच्या मरणोत्तर प्रकाशित झालेल्या लेखनात त्यांनी पतनाच्या सिद्धांतावरच बोट ठेवले. मनुष्याची अधोगती त्याच्या पापामुळे झाली, असे ख्रिस्ती उपदेशक अस्पृश्याला सांगतो. वास्तविक ती अन्यायी समाजरचनेमुळे झालेली असते. पूर्वी पूर्वजन्मीचे कर्म कारण म्हणून सांगितले जाई, आता आदिमानवाचे पाप; परिस्थिती बदलण्याची प्रेरणा दोन्हींतून मिळत नाही. जालन्याच्या परिसरातील असो की अन्य जिल्ह्यांतील, गावकुसाबाहेरच्या धर्मांतरितांना हा प्रश्न प्रत्यक्ष जगावा लागला. ज्याला पाणवठ्यावर येऊ दिले जात नाही, त्याने आधी स्वतःच्या पापाचा विचार करावा व अडविणाऱ्यावर प्रेम करावे, हे सांगणे सोपे व ऐकणे कठीण आहे. समाजरचनेत मुरलेले पाप हा विषय ख्रिस्ती विचारात मुक्तीच्या धर्मशास्त्राने व भारतातील दलित धर्मशास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळकपणे मांडला. तोपर्यंत व्यक्तीच्या इच्छेवर दिलेला भर हा ह्या परंपरेचा उणेपणा होता, असे म्हणावे लागते.

दुसरा उणेपणा नैसर्गिक अशिवाच्या बाबतीत जाणवतो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सर्व संतांच्या सणाच्या सकाळी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, लोक प्रार्थनामंदिरांत असतानाच गाडले गेले. हे जग शक्य त्या जगांपैकी सर्वोत्तम आहे, ह्या लायप्निट्सच्या १७१० मधील सिद्धांताची व्हॉल्तेअरने त्यानंतर निर्दय टर उडविली. मराठवाड्याला ह्याचा प्रत्यय ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आला. गणेशविसर्जन आटोपून निजलेली गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली चिरडली गेली; लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. ह्या ठिकाणी कोणाची इच्छा चुकली, असे विचारता ख्रिस्ती विचारवंतांत वेगवेगळी उत्तरे मिळतात. जॉन हिक ह्याने १९६६ मध्ये आयरीनीअस ह्या दुसऱ्या शतकातील धर्मपित्याचा आधार घेऊन हे जग जीव घडविण्याची शाळा आहे, असे प्रतिपादन केले. परंतु ढिगाऱ्याखाली गेलेले तान्हे मूल ह्या शाळेत काय शिकले, हे तो सिद्धांत सांगू शकत नाही. डॉस्टोव्हस्कीच्या १८८० मधील कादंबरीत इव्हान कारामाझोव्ह हाच प्रश्न विचारतो, आणि लेखक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही त्याने त्याला युक्तिवादाने उत्तर देण्याचे टाळले आहे.

क्षमा व न्याय : शत्रूला क्षमा केली म्हणजे त्याची शिक्षा रद्द होते असे नाही. मध्य प्रदेशातील उदयनगर भागात सावकारांच्या कचाट्यातील आदिवासींत काम करणाऱ्या भगिनी राणी मारिया ह्यांचा २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. काही वर्षांनी त्यांच्या धाकट्या बहिणीने, ह्याही जोगीणच होत, इंदूरच्या तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली आणि पुढे त्याच्या मुदतपूर्व सुटकेला कुटुंबीयांनी संमती दिली. आपल्याला चिथावणी देणारे दुसरेच होते, असे त्याने नंतर सांगितले. राणी मारिया ह्यांना ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे ‘धन्य’ घोषित करण्यात आले.